सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणि खिशाची ब्रा : तिन्ही ऋतूंत वापरल्यावर

स्तन काढल्यानंतर सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणि तो आत बसवायला खिसा असलेली ब्रा वापरायला लागले, त्याला थंडी, नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा असं सगळं होऊन गेलं. विचारणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते : जरूर घ्या, पण जखम पूर्ण भरू द्या, आणि जोडीला एक सुती धाग्याने विणलेला स्तन ठेवाच.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे सिलिकॉनचे नव्हेतच. जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी निघालेली असली तरी छाती बधिर असते, काखेत ओढ असते, ब्राची शिवणसुद्धा टोचते. साधारण सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. रेडिएशन चालू असेल तर कातडी शांत होईपर्यंत आणखी थांबायचं. तोवर मी लोकरीसारख्या मऊ सुती धाग्याने विणलेला, आत कापूस भरलेला स्तन वापरला. असे स्तन विणून बायकांना मोफत देण्याचं काम अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांच्या संस्थेने दूरवर पसरवलं आणि आता आपल्याकडेही विणकाम करणाऱ्या बायका ते करतात. कापूस कमी-जास्त करता येतो, धुता येतो. वजनच नसल्यामुळे हात वर केला की तो गळ्याकडे सरकतो, म्हणून मी त्याला ब्राच्या आतून दोन टाके घालते.

सिलिकॉनचा खरा फायदा वजनाचा. एकीकडे भार आणि दुसरीकडे काहीच नाही, अशाने माझा खांदा वर चढायला लागला होता, मान दुखायची. फिजिओथेरपीत भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम चालू होताच, पण आरशासमोर दोन्ही खांदे एका रेषेत दिसले ते हा लावल्यावर. पदर नीट बसतो. लग्नाकार्यात कुणी मिठी मारली तर मी अंग चोरत नाही. हे लिहिताना आजही बरं वाटतं.

उन्हाळा मात्र कठीण. मे महिन्यात सिलिकॉनच्या मागे घाम साचतो, व्रणाजवळ कातडी लाल होते. खिशाचं सुती कापड मध्ये असेल तरच सहन होतं. घरी आल्याबरोबर काढायचा, सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि त्याच्या साच्याच्या डब्यातच ठेवायचा. कपाटात कपड्यांखाली दाबला तर आकार बिघडतो. भर उन्हाळ्यात घरात मी विणलेलाच घालते. थंडीत सकाळी तो गार लागतो, पण अंगाची ऊब लवकर धरतो.

साडी नेसणाऱ्यांनी पिनेपासून जपावं. पदराची पिन त्या बाजूला लावूच नका, सिलिकॉनला एक भोक पुरे. मी पिन खांद्यावर, ब्राच्या पट्ट्याच्याही मागे लावते.

ब्रावर पैसे वाचवू नका. पट्टे रुंद हवेत, काखेखालची बाजू उंच आणि मऊ हवी. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील तर हात सुजण्याची शक्यता पुढेही राहते, म्हणून खांद्यात रुतणारा किंवा काखेत वळ उठवणारा पट्टा चालणारच नाही. खिशाची ब्रा महाग वाटली तर ओळखीच्या शिंपीणबाईंकडून नेहमीच्या, नीट बसणाऱ्या ब्राला आतून होजिअरीच्या कापडाचा खिसा लावून घ्या. माझ्या दोन ब्रा तशाच आहेत आणि रोजच्या वापराला त्याच जास्त आवडतात.

दुकानात आधी ब्रा ठरवा, मग स्तन. सोबत घट्ट बसणारा ब्लाऊज न्या. तो घालून वाका, हात वर करा, बाजूने आरशात बघा. पूर्ण वजनाचा खांद्याला जड वाटला तर हलक्या वजनाचे सिलिकॉनही मिळतात, ते मागा. मोजमाप घ्यायला बाई नसेल, किंवा पडद्याआड शांतपणे वेळ देत नसतील, तर तिथे घेऊ नका, दुसरं दुकान बघा.