दार उघडलं खरं, पण आतनं पूर निघाला

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते शेवटी सांगते. घाईत असाल तर एवढंच वाचा : सांगलीत शंभर फुटी रोडचं हे गॅरेज, गाडीचं लॉक होऊन अडकलेलं दार, काच न फोडता, दाराचं आतलं पॅड न मोडता उघडलं, पावणेदोन तास लागले, बाराशे रुपये झाले, सोमवारी बंद असतं. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

आमची गाडी छोटी आहे, २०१३ मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. एक दिवस मागचं डावं दार लॉक झालं ते झालंच. बाहेरनं हँडल ओढा, आतनं ओढा, रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला तरी ढिम्म. आतली लॉकची खिट्टी अर्ध्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची, जोर लावला तर मोडेल अशी भीती. आता तुम्ही म्हणाल गाडीला चार दारं आहेत, एक नाही उघडलं तर काय एवढं. पण त्याच दारातनं आमचे आण्णा बसतात, म्हणजे माझे सासरे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना उजवीकडनं बसवायचं म्हणजे रस्त्याच्या अंगानं, आणि सीझन चालू, मागनं ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत येतोय, स्पीकरवर गाणी लावलेली, आणि ह्यांचा एक पाय आत एक पाय रस्त्यावर, मग सीटवरनं इंच इंच सरकत डावीकडं. मिरजेला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं तर गाडीत बसण्यातच गुडघा दुप्पट दुखायचा. तीन आठवडे हे केलं आम्ही. शिवाय मागं पोरं असतात आणि एक बाजू कायमची बंद, उद्या काय झालं तर बाहेर कसं पडायचं हा विचार मला रात्री यायचा.

सगळे उपाय करून झाले होते. दाराच्या फटीतनं स्प्रे मारला, अर्धा डबा संपला, निम्मा रंगावरनं ओघळून खाली. शेजारच्यांनी सांगितलं बुक्की मारा, मारली. मग एकाला घरी बोलावलं, त्यानं काचेच्या बिडिंगमधनं, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीतनं, लोखंडी पट्टी आत घातली आणि अर्धा तास विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी ढवळत बसला, दार उघडलं नाहीच पण काचेवर वीतभर चरा उठला आणि बिडिंग फाटलं ते वेगळं. तीनशे घेऊन गेला वर. त्यानंतर सर्व्हिस सेंटरला नेली (कुठल्या ते लिहीत नाही), त्यांनी गाडीला हात न लावता कॉम्प्युटरवरनं सहा हजार आठशेचं एस्टिमेट काढलं, पूर्ण लॉक असेंब्ली बदलायची, आणि बंद दाराचं पॅड काढताना तुटलं तर त्याचे वेगळे, सही करा. मी सही न करता परत आले.

ह्या गॅरेजचं नाव आमच्या ऑफिसमधल्या शिपायानं सांगितलं. बाहेरनं बघाल तर पुढं निघून जाल, पत्र्याचं शेड, दारात दोन रिक्षा आणि एक बॉनेट नसलेली जीप. मिस्त्री पन्नाशीचे, बोलणं कमी. आण्णा बरोबर होतेच, ते एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेत त्यामुळं कुठल्याही गॅरेजमध्ये ते गिऱ्हाईक म्हणून जात नाहीत, साहेब म्हणून जातात. गेल्या गेल्या म्हणाले चाइल्ड लॉक पडलं असणार. मिस्त्री म्हणाले, आण्णा, चाइल्ड लॉकनं आतलं हँडल बंद पडतंय, बाहेरनं दार उघडायला पाहिजे का नको? आण्णा गप्प. मला तिथंच माणूस आवडला.

मग त्यांनी जे केलं ते मी नीट बघितलं कारण मला कुणीतरी कधीतरी नीट बघून काम करताना बघायचंच होतं. पहिल्यांदा बाहेरचं हँडल दोन बोटांनी हळू ओढलं, तीन-चारदा. म्हणाले हँडलला ओढ आहे, म्हणजे आतला रॉड सुटलेला नाही, हँडल एकदम लुळं लागलं असतं तर क्लिप तुटली किंवा रॉड पडला असं धरायचं. मग मला रिमोट दाबायला लावला आणि स्वतः दाराला कान लावला, पोस्टमनच्या चाहुलीला कुणी लावावा तसा. बाकी तीन दारं खट् खट् खट्, ह्या दारातनं नुसतं बारीक घर्र. म्हणजे करंट येतोय, वायर तुटलेली नाही, फ्यूज तर बघायचाच नाही कारण बाकीची दारं चालतायत, तेव्हा मोटर अडकलीय. सेंट्रल लॉकच्या ह्या मोटरला हे लोक गन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या गाडीचं सेंट्रल लॉक कंपनीचं नाहीच, आधीच्या मालकानं बाहेरनं बसवलेलं, ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरची गन आणि बाकीच्या तिन्हींना दोन वायरच्या. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हे बघितलं असतं तर असेंब्लीचा विषयच निघाला नसता.

त्यानंतर एक सोपी गोष्ट करून बघितली, ती कुणालाही घरी करता येईल म्हणून लिहिते. गॅरेजमधल्या पोराला सांगितलं दार कमरेनं आत दाब, मी रिमोट दाबायचा आणि मिस्त्री त्याच वेळी हँडल ओढणार. लॅच, म्हणजे दारातली पकड, बॉडीवरच्या खुंट्याला ताणून धरून बसलेलं असलं तर दार आत रेटल्यावर ताण सुटतो आणि पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं म्हणे. आमचं नाही झालं. आमचं कशानंच कधी होत नाही.

मग खरं काम. दार बंद असताना पॅड काढायचं म्हणजे कडेचे क्लिप हाताला लागत नाहीत आणि सीट आडवी येते, म्हणून त्यांनी आधी मागच्या सीटची बसायची गादी काढून बाहेर ठेवली. हँडलच्या वाटीमागचा स्क्रू, हात टेकतो तिथले दोन स्क्रू, काच खाली करायचं हँडल, आणि मग खालच्या कडेपासनं प्लास्टिकची चपटी पट्टी घालून एकेक क्लिप टक् टक् सोडवत वर गेले. घाई नाही. स्क्रू सगळे एका डब्याच्या झाकणात, पोरानं एक बाजूला ठेवला तर त्याच्याकडं नुसतं बघितलं. दोन क्लिपा तुटल्या, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. पॅड पूर्ण निघालं नाही पण खालनं एवढं सुटलं की हात आत जाईल. मागचा प्लास्टिक पेपर कोपऱ्यातनं सोलला, फाडला नाही हं, सोलला, आणि कोपरापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, हो चक्क डोळे मिटून, पहिल्यांदा गनचा रॉड लॉकच्या रॉडपासनं सोडवला. खिट्टी लगेच पुढं-मागं व्हायला लागली. म्हणजे गन आतल्या आत जॅम होऊन लॉक दाबून धरत होती, बाहेरनं कितीही ओढा. तरीही दार उघडेना, कारण लॅचच सुकून धरलेलं. तिथं स्प्रेची बारीक नळी घालून मारलं, दहा मिनिटं चहा, मग लांब स्क्रूड्रायव्हरनं लॅचचा खटका दाबला आणि दार उघडलं. आवाज असा आला की आण्णांनी टाळी वाजवली. तीन आठवड्यांनी.

मी म्हटलं झालं, निघूया. मिस्त्री म्हणाले थांबा ताई, एवढं का सुकलं ते बघू. आणि इथनं पुढं ह्या रिव्ह्यूचा विषय बदलतो.

दार उघडल्यावर पॅड पूर्ण काढलं, कडेचे तीन स्टार स्क्रू खोलून लॅच बाहेर काढलं. ग्रीस काळं मेणासारखं झालेलं, त्यात बारीक राखाडी माती, नखानं खरवडली तर पिठासारखी. नुसती धूळ अशी नसते म्हणाले. प्लास्टिक पेपर उलटा करून उजेडात धरला. त्याच्या आतल्या बाजूला एक आडवी रेघ होती, दाराच्या तळापासनं हातभर वर, सरळ, कुणी पट्टी धरून मारल्यासारखी. रेघेच्या खाली सगळं मातकट, वर स्वच्छ. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती गाळानं बुजलेली, त्यामुळं पावसाळ्यात काचेवरनं आत उतरलेलं पाणी आतच साचत राहिलं आणि लॅच गंजत गेलं. मिस्त्रींनी विचारलं, गाडी पुरात होती का?

मी म्हटलं नाही. आण्णा म्हणाले शक्यच नाही. कारण गाडी आण्णांनी निवडलेली. २०२० च्या सुरुवातीला घेतली, आदल्या ऑगस्टचा पूर ताजा होता, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे म्हणजे विचार करा. मारुती चौकात पाणी चढताना सगळ्यांनी बघितलेलं. तेव्हा आण्णांचा हिशोब असा होता की सांगलीतली गाडी घ्यायचीच नाही, काय माहीत कुणाची किती दिवस पाण्यात होती, म्हणून एमएच १० सोडून मुद्दाम एमएच ०९, कोल्हापूर पासिंग शोधून आणली. गाडीखाली पोत्यावर झोपून चेसिस बघितली, इंजिन ऐकलं, विकणाऱ्यानं देवाची शपथ घेतली. घरात आजवर कौतुक होतं ह्या हुशारीचं.

मिस्त्रींनी पेपर परत लावता लावता एवढंच विचारलं, आण्णा, त्या वर्षी पंचगंगेला काय पाणी नव्हतं व्हय?

मी दुसरीकडं बघितलं. पंचगंगा म्हणजे कोल्हापूरची नदी, तिलाही तोच पूर, तिकडं शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस बंद होता, दूध नाही पेट्रोल नाही, हे सगळं टीव्हीवर आम्ही घरात बसून आण्णांबरोबरच बघितलेलं. आण्णा म्हणाले, तसं नव्हे, आणि पुढं काही बोललेच नाहीत. मग मिस्त्रींनी पुढच्या सीटचा बेल्ट ओढायला सांगितला, शेवटापर्यंत, गुंडाळी संपेपर्यंत. बाहेर दिसतो तेवढा बेल्ट काळा चकाचक, कुणीतरी घासून धुतलेला, आणि शेवटचा फूटभर चहात बुडवल्यासारखा तपकिरी. सीटच्या खालचे बोल्ट बघितले, गंजलेले. बेल्टच्या आतल्या टोकापर्यंत कुणी धुवायला जात नाही म्हणाले, जुनी गाडी घेताना हे पहिलं बघायचं. हे सांगायचे त्यांनी पैसे लावले नाहीत. आम्हाला मात्र पाच-सहा वर्षांनी कळलं.

लॅच पेट्रोलनं धुऊन, सुकवून, पांढरं ग्रीस लावून परत बसवलं, बदलायला लावलं नाही. मी विचारलंही की नवीनच टाकायचं का, तर म्हणाले दात चांगले आहेत, उगाच कशाला. गन नवीन टाकली. फटीतनं मारलेल्या माझ्या त्या स्प्रेबद्दल म्हणाले की तो पाणी पळवायला आणि गंज सोडवायला ठीक, पण उडून जातो, लॉकला ग्रीसच पाहिजे. चारी दारांची खालची भोकं सायकलच्या स्पोकनं साफ करून दिली, प्रत्येक दारातनं ओंजळभर नाही पण मूठभर गाळ निघाला, तो गॅरेजच्या दारात पडलेला बघून मला कसंतरीच झालं, कुणाच्या दारातली माती कुठं येऊन पडली. हिशोब कागदावर लिहून दिला : मजुरी सातशे, गन साडेचारशे, क्लिपा साठ. बाराशे दहा झाले, वरचे दहा सोडले. फाटलेलं बिडिंग ते ठेवत नाहीत, दुसऱ्या दुकानाचं नाव सांगितलं. काचेवरचा चरा तसाच आहे.

आता पाचवा स्टार. एक तर फोन उचलत नाहीत, सकाळपासनं चारदा केला, शेवटी तशीच गेले तर आधी दोन गाड्या, पाऊण तास नुसतं बसून, आणि बसायला काय तर एक टायर आणि एक मोडकी खुर्ची, ती अर्थातच आण्णांना. बायकांना थांबायला जागा नाही, टॉयलेट तर विचारूच नका. ऑनलाइन पेमेंट घेतात पण कोड लावलेला कागद ग्रीसनं एवढा काळा की माझ्या फोननं तीनदा नाही म्हटलं. आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खड्ड्यातनं जाताना पॅड खडखडायला लागलं, एक क्लिप नीट बसली नव्हती. परत गेले तर काही न बोलता पाच मिनिटांत करून दिलं, पैसे नाहीत, पण हेलपाटा तो हेलपाटाच.

महिना होऊन गेला, दार एका बोटानं उघडतंय. आण्णा डावीकडनं ऐटीत बसतात, गाडीबद्दल मात्र बोलत नाहीत. परवा भाचेजावई सेकंडहँड गाडी दाखवायला घेऊन आले होते, हार घातलेला, पेढे. आण्णांनी पेढा तोंडात टाकला, पुढचं दार उघडलं आणि बेल्ट धरून ओढायला सुरुवात केली. जावई म्हणतोय आण्णा बसून तर बघा, हे ओढतायतच. शेवटपर्यंत काळा निघाला, मग म्हणाले, हं, चांगली आहे.