स्वस्तात मिळालेली ३१५ ची काडतुसं, माझा डोळा थोडक्यात वाचला

आमची ३१५ बोअरची रायफल आजोबांपासूनची, ईशापूरच्या सरकारी फॅक्टरीची. लायसन आता माझ्या नावावर. परभणीकडं रानडुकरांचा त्रास किती ते सांगायला नको, पण खरं म्हणलं तर बंदूक वर्षभर कपाटातच असते आणि इलेक्शन आलं की ठाण्यात जमा. २०२४ ला तर दोनदा इलेक्शन, दोनदा जमा. परत आणली तेव्हा जवळ जुने चारच राउंड होते, दुकानात विचारलं तर माल नाही, पुढच्या महिन्यात या.

हे दाजींजवळ बोललो आणि तिथंच फसलो. त्यांच्या ओळखीचा एकजण घरी आला, पिशवीत २५ काडतुसं, म्हणे खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीचा जुना स्टॉक आहे, एका म्हाताऱ्या लायसनवाल्याच्या घरातला. ४,५०० ला सगळी. बिल नाही, लायसनवर एंट्री नाही. इथंच माझी चूक, घेणारा पण कायद्यात अडकतो हे मला माहीत होतं तरी घेतली, लोभ दुसरं काय.

माणूस हुशार लई. मला म्हणला दादा विश्वास नसंल तर लावून बघा. मी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागनं बंद करणारा दांडा) ओढला, राउंड आत घातला, बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. बसतंय म्हणजे बरोबरच असणार असं वाटलं आणि पैसे दिले.

दोन दिवसांनी शेतात नाल्याच्या उंच दरडीला पिठाची पांढरी पिशवी लावून बघितली. पहिला बार झाला पण पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी खोकं, निघंना, बोल्टच्या दांडीवर तळहात मारमारून काढली. दुसऱ्याला पिशवीला भोक पडलं ते गोल नाही, लांबट, चावी घालायच्या भोकासारखं, म्हणजे गोळी आडवी होऊन गेलेली. तिथं थांबायला पाहिजे होतं ना, पण नाही, तिसरा टाकला. फाटकन मागं गरम वाफ आली, चष्म्याची काच काळी, गालावर बारीक बारीक ठिपके भाजले. चष्मा वाचायचा आहे म्हणून घातलेला, नाहीतर आज हे टाइप करत नसतो.

शहरातल्या जुन्या बंदूक दुरुस्तीवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी पुंगळी हातात घेतली, बुडाकडं बोट फिरवलं आणि म्हणले, "बेटा, ये तो थ्री नॉट थ्री का खोका है." मग व्हर्निअर लावून दाखवलं. ३१५ ची पुंगळी काठाच्या (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) वर साधारण १२.५ मिमी जाड असते, ३०३ ची ११.७ च्या आसपास. लांबी ३०३ ची ५६ च्या वर, ३१५ ची ५०. त्या भामट्यानं ३०३ च्या वापरलेल्या पुंगळ्या कापून ५० केल्या, नवीन खांदा (पुंगळी मानेकडं निमुळती होते ती जागा) दाबून काढला, काठ लेथवर घासून पातळ केला. बारीक वस्तू मोठ्या भोकात जाणारच की, म्हणून बोल्ट लोण्यासारखा! पण बार झाला की पितळ पाऊण मिमी फुगायला बघतं आणि बुडाजवळ ते जाड, कडक असतं, तिथं फुगत नाही, फाटतं. माझ्या तिसऱ्या पुंगळीला काठाच्या वर अर्धा गोल चिरलेला, कडेला काजळी. पहिल्या दोघींना तिथंच चकचकीत रिंग आलेली. तोंडाकडचं पितळ तापवून मऊ पण केलेलं नव्हतं, एकीची मान सुकलेल्या शेंगेसारखी उभी तडकलेली. गोळी मोजली तर ७.९, पाहिजे ८.२, मग ती नळीत धरणार कशी.

बुडावरचे शिक्के कानशीनं घासलेले होते पण चाचांनी उजेडात तिरकं धरलं तर पुसट रोमन सात दिसला, तो ३०३ च्या सरकारी काडतुसाचा. ३०३ आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसनवर न चालणारा, म्हणजे नुसता फसलोच नाही तर भलत्याच लफड्यात पण होतो. वरून रिकामी पुंगळी परत भरायची तर त्याला पण लायसन लागतं, ते त्या माणसाकडं कुठलं.

चाचा म्हणले हे घरी एक रात्र पण ठेवू नको. उरलेली २२ आणि तिन्ही पुंगळ्या अर्जासोबत ठाण्यात दिल्या, तीन तास बसवून ठेवलं, वाटंल ते बोलले, जबाब लिहून घेतला. बंदूक सध्या चाचांकडं तपासायला आहे, बोल्टला काही झालं का ते बघायचंय. त्या माणसाचा नंबर त्याच दिवसापासून बंद.

दाजी अजून म्हणतात माणूस तसा चांगला होता.