शोपँचे 24 प्रेल्यूड, चार पियानिस्ट आणि ठाणे-वाशी लोकल: सात महिन्यांनंतर

पियानो मला वाजवता येत नाही. हार्मोनियमच्या दोन परीक्षा आणि बाबांच्या शेजारी बसून ऐकलेलं ख्यालगायन, एवढ्याच भांडवलावर लिहितेय. जूनपासून ऑफिसला जाताना पोलिश संगीतकार शोपँचे ओपस 28 (28 क्रमांकाची रचना) मधले 24 प्रेल्यूड, म्हणजे पियानोचे छोटे तुकडे, ऐकतेय. सगळे मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर सुरू केले की वाशीला ऑफिसच्या लिफ्टपाशी संपतात.

1839 मध्ये छापलेला हा संच. बारा मेजर, बारा मायनर (पाश्चात्त्य संगीतातली दोन प्रकारची सप्तकं), एक मेजर-एक मायनर अशा जोड्यांनी, आणि आधीच्या जोडीचा पंचम हाच पुढच्या जोडीचा षड्ज. काही तुकडे अर्ध्या मिनिटात उडून जातात, पंधरावा पाच मिनिटं चालतो. (पंधराव्याला 'पावसाचे थेंब' म्हणतात. ठाण्याच्या पावसात मी तो ऐकला, पण त्यावर लिहिणार नाहीये.) त्यामुळे एकेक तुकडा कोण छान वाजवतो यापेक्षा एकातून दुसऱ्यात कोण कसा जातो, ते मी ऐकायला लागले.

पहिला पियानिस्ट मॉरित्झियो पोलिनी, रेकॉर्डिंग 1974 चं. ही सीडी मुंबईतलं संगीताचं दुकान ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद व्हायच्या आधी तिथूनच घेतलेली. वाजवणं लख्ख. सोळाव्यात उजवा हात सुसाट पळतो, तरी एकेक स्वर वेचून घ्यावा इतका सुटा. दीड महिना मी खूश होते. मग एक दिवस रबाळ्याला लक्षात आलं, की मी चुका शोधत बसलेय आणि एकही सापडत नाहीये. तिथे माझा पोलिनी थोडा थंडावला.

मार्था आर्गेरिचचं सत्तरच्या दशकातलं रेकॉर्डिंग नेमकं उलट. एक तुकडा संपतो न संपतो तोच दुसऱ्यात उडी. बाबांनी आठवा ऐकला आणि म्हणाले, "ही बाई झोपते की नाही?" सकाळी 8:40 च्या गर्दीत मात्र हीच हवी. घरी परतताना हिला लावू नये, थकवा वाढतो.

आल्फ्रेड कोर्तोचं 1933-34 चं रेकॉर्डिंग लावायला मी टाळाटाळ करत होते. खरखर आहे, चुकीचे स्वर आहेत, डावा हात आधी पडतो आणि उजवा जरा मागून येतो. बाबांचा पहिला शेरा, "तालात नाही." पण लोकलमध्ये सगळ्यात जास्त वाजलं ते हेच, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी असतं, त्यामुळे पंखे आणि रुळांच्या खडखडाटातही चौथा ऐकू येतो. या चौथ्यात उजवा हात दोन स्वरांवर घुटमळतो आणि डाव्या हातातले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली घसरत जातात. पोलिनीकडे ही घसरण दिसते, कोर्तोकडे पोटात खड्डा पडतो. हल्ली बाबाच सांगतात, "तो चुका करणारा लाव."

ग्रिगोरी सोकोलोव्हचं पॅरिसमधल्या 1990 च्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लोकलसाठी बाद. संथ, आणि हळू स्वर इतके हळू की ऐरोलीला दुसरा प्रेल्यूड अख्खाच्या अख्खा गायब. रात्री अकरानंतर, घोडबंदर रोड जरा शांत झाला की ऐकायचं. सतराव्याच्या शेवटी खालचा एक स्वर घंटेसारखा अकरा वेळा पडतो. मी बोटांच्या पेरांवर मोजते. इतरांकडे सातव्या-आठव्याला माझं लक्ष वर चाललेल्या चालीकडे जातं, मोजणी चुकते. याच्याकडे अजून एकदाही चुकलेली नाही.

आता तक्रार. सुरुवातीचे दोन महिने मी एका ॲपवर फुकटात ऐकत होते. आधी क्रम विस्कटला, तो कसाबसा सरळ केला, तर जाहिराती. तेविसावा प्रेल्यूड एफ मेजरमध्ये मजेत झुळझुळत असतो आणि अगदी शेवटी त्यात एक कोमल निषाद टपकतो. सुटत नाही, तसाच लोंबकळत राहतो, आणि लगेच चोविसावा कोसळतो. नेमकी त्या फटीत गृहकर्जाची जाहिरात! त्याच दिवशी पैसे भरले, आणि दोन ट्रॅकमधली फट घालवायची सेटिंगही शोधून काढली. ती आधी करा, पियानिस्ट मग निवडा.

या फटीत आर्गेरिच थांबतच नाही असं वाटतं, पोलिनी श्वासापुरता थांबतो. सोकोलोव्ह तो निषाद हवेत ठेवतो, आणि मी दरवेळी मान वर करून बघते.

एकच घ्यायचं तर कोर्तो. सीडीच हवी तर पोलिनी, म्हणजे नंतर कोर्तो काय मोडतोय ते कळेल.

सातवा फक्त सोळा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा भाग) आहे. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढंच? आत्ता तर मुखडा झाला!" गेल्या रविवारी आम्ही कोर्तो सलग ऐकला. चोविसाव्याच्या शेवटी पियानोच्या पार डाव्या टोकाकडचा तो षड्ज एकटाच तीनदा आदळला. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता संपलं ना? चहा टाक."