ड्रॅगनस्वारांच्या दोन कादंबऱ्या : आधी कोणती घ्यावी?

आमच्या गावच्या अभ्यासिकेत पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने, इंग्रजी वाचनाचा सराव व्हावा आणि मनही रमावे म्हणून, लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या ड्रॅगनस्वारांची एखादी कादंबरी सुचवायला सांगितले. पैसे एकाच पुस्तकापुरते असल्याने रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (२०२३) आणि नेओमी नोविक यांची 'हिज मॅजेस्टीज ड्रॅगन' (२००६) या दोन्ही मी शेजारी ठेवून पाहिल्या.

'फोर्थ विंग'मधील व्हायोलेटने लेखनिकांच्या शाखेसाठी अभ्यास केलेला असतो. परंतु सेनाधिकारी असलेली आई तिला स्वारांच्या शाखेत ढकलते. पहिल्याच दिवशी उंचावरच्या अरुंद दगडी कठड्यावरून पलीकडे जायचे असते आणि पाय घसरला तर मरणच. रांगेत भेटलेल्या मुलीच्या बुटांचे तळ गुळगुळीत असल्याचे पाहून व्हायोलेट तिच्याशी एक बूट बदलून घेते, जेणेकरून दोघींच्याही एका पायाला तरी पकड राहील. ८०० मीटर धावण्यासाठी मैत्रिणीचे बूट मागून नेणाऱ्या मुलीला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. ड्रॅगन आपले स्वार निवडतात तो १ ऑक्टोबरचा दिवस 'थ्रेशिंग', म्हणजे मळणी, या नावाने ओळखला जातो; आपल्याकडेही सोयाबीन काढण्याचे हेच दिवस, फक्त तिथे कुटार होते ते मुलामुलींचे. निवेदन प्रथमपुरुषी, वाक्ये आटोपशीर, त्यामुळे शब्दकोश फारसा लागत नाही. मात्र बंडखोराचा मुलगा झेडन समोर आला की प्रशिक्षण मागे पडते, हे मला खटकले. शिवाय उत्तरार्धातील शृंगार उघड असल्याने हे पुस्तक शाळकरी मुलांच्या कपाटात ठेवू नये. कथानकही ऐन वळणावर थांबते, म्हणजे पुढच्या भागाचा खर्च आलाच.

नोविक यांची कादंबरी नेपोलियनच्या युद्धकाळात घडते. ब्रिटिश आरमारातील कॅप्टन लॉरेन्सला पकडलेल्या फ्रेंच जहाजावर ड्रॅगनचे अंडे सापडते आणि जहाज सोडून त्याला हवाई दलाचे शिक्षण घ्यावे लागते. स्कॉटलंडमधील त्या तळावरचा प्रशिक्षकही ड्रॅगनच आहे. प्रेमकथा नावापुरती. खरा जीव आहे तो माणूस आणि ड्रॅगन यांच्या नात्यात: रँकिन हा कॅप्टन आपल्या लेव्हिटस या ड्रॅगनला कामापुरतेच वापरतो, त्याची साधी विचारपूसही करत नाही, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करणाऱ्या घरातल्या वाचकाला ही पाने वाचवत नाहीत. मालिका ९ पुस्तकांची असली तरी पहिले पुस्तक स्वतंत्रपणे वाचता येते. इंग्रजी मात्र जुन्या वळणाचे, लांब वाक्यांचे आहे.

माझ्या मते नोविक यांचे लेखन सरस आहे. तरीही पहाटे रस्त्यावर धावून, दिवसभर अभ्यास करून रात्री तासभर वाचणाऱ्या त्या मुलीला डुलकी लागू न देणारे पुस्तक हवे होते, म्हणून तिला 'फोर्थ विंग' सांगितले. दुसरे पुस्तक निकाल लागल्यावर.