फिरतीसाठी घेतलेला १४ इंची लॅपटॉप: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

माझं काम फिरतीचं आहे. पाणलोटाच्या कामांची पाहणी करायची आणि अहवाल लिहायचे. त्यामुळे लॅपटॉप टेबलावर कमी. मांडीवर, लॉजच्या गादीवर, नाहीतर ग्रामपंचायतीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जास्त. जुना १५ इंची सव्वादोन किलोचा होता आणि वर त्याचा विटेएवढा चार्जर. नवा सव्वा किलोचा: १६ जीबी रॅम, ५७ वॅट-आवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी. मॉडेलचं नाव देत नाही. वर्षभरात ते बाजारातून जातं आणि अशाच गुणांची दुसरी चार येतात.

प्रोसेसरवर मी फार डोकं चालवलं नाही. वर्ड, एक्सेल, नकाशे आणि ब्राउझरचे वीसेक टॅब, एवढ्याला मधल्या किमतीतला कुठलाही पुरतो. माझी पहिली अट एकच होती: चार्जिंग टाइप-सीवरून, साध्या ६५ वॅटच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देणाऱ्या) चार्जरवर झालं पाहिजे. त्यामुळे कंपनीचा चार्जर घरीच राहतो आणि दोन पोर्टांचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून आकाराने लहान) चार्जर फोन-लॅपटॉप दोन्ही सांभाळतो. लॉजवर पलंगामागे एकच प्लग असतो तेव्हा ही सोय कळते. दोन्ही एकदम लावले की बहुतेक चार्जर ४५ आणि २० वॅट अशी वाटणी करतात, म्हणजे लॅपटॉप सावकाश भरतो. झोपण्याआधी लावा, सकाळी तयार. केबल मात्र १०० वॅटची घ्या. साधी ६० वॅटलाच थांबते.

रेल्वेच्या बहुतेक डब्यांतल्या प्लगला ११० व्होल्ट असतात, घरच्यासारखे २३० नव्हेत. चार्जरवर १००-२४० असं छापलेलं असलं की काळजी नाही. प्लग सैल असेल तर जड चार्जर गळून पडतो, हलका टिकतो. रात्री ११ ते पहाटे ५ प्लग बंद ठेवायचा नियम आहे, तेव्हा रात्रीच्या गाडीत काम उरकायचं तर आधीच भरून घ्या. बसमधल्या यूएसबीवर लॅपटॉपचं काही होत नाही, ती मोबाइलपुरतीच.

चार्जरच्या जोडीला पॉवर बँक घेतली, २०,००० एमएएचची. साधारण ७४ वॅट-आवर, म्हणजे विमानाच्या १०० वॅट-आवरच्या मर्यादेत. पण ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. विकत घेताना एमएएचच्या आकड्यापेक्षा ती किती वॅट देते ते बघा. २० वॅटच्या पॉवर बँकेला लॅपटॉप भाव देत नाही.

बॅटरी माझ्या कामाला सहा-सात तास जाते. स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून असेल तर जेमतेम पाच. कोकण रेल्वेवर करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेट जाणारच, म्हणून फाइली आधीच उतरवून ठेवते. स्क्रीन ४०० निट्सची (उजेडाचं माप), मॅट, म्हणजे न चकाकणारी. उन्हात झाडाखाली बसून आकडे दिसतात. दुकानात चकचकीत पडदा सुंदर वाटतो. शेताच्या बांधावर त्यात आपलंच तोंड दिसतं.

आता न आवडलेलं. झाकण मिटलं की मशीन नीट झोपतच नाही. सॅकमध्ये गरम व्हायचं आणि पोहोचेपर्यंत बॅटरी निम्मी. ही हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची तऱ्हा आहे. सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट (चालू काम साठवून मशीन पूर्ण बंद) असं केलं, उघडताना थोडं थांबावं लागतं, पण तक्रार संपली. दुसरं, दोन पिनांच्या चार्जरवर असताना धातूच्या बॉडीला मनगट लागलं की बारीक झिणझिण्या येतात. अर्थिंग नसल्यामुळे होतं. धोका नाही म्हणतात, तरी मला आवडत नाही. तेवढा वेळ बॅटरीवर लिहिते.

रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, पुढे वाढवता येणार नाही. म्हणून ८ जीबीच्या स्वस्त प्रकाराकडे मी बघितलंही नाही. पोर्ट तोकडे आहेत. गावोगावच्या प्रोजेक्टरला अजून एचडीएमआय लागतं, आणि क्वचित कुठे जुन्या पद्धतीचं व्हीजीएसुद्धा. त्यासाठी एक अडॅप्टर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कायम असतो, आणि तोच नेमका दर वेळी कुणीतरी मागून नेतं.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हा घेऊ नये. अर्ध्या तासाच्या रेंडरला (तयार व्हिडिओची फाइल बनवताना) पंखा शिट्टी घालतो आणि बॅटरी पाहता पाहता उतरते. त्यांना दोन किलो उचलण्यावाचून गत्यंतर नाही.