नाट्यप्रशिक्षण की थेट मुंबई? नवोदित नटासमोरील दोन पर्याय

पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून पुढे आलेल्या तरुण नटासमोर पदवी हाती पडताच दोन वाटा असतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स अशा एखाद्या संस्थेत रीतसर शिकणे ही पहिली. मुंबई गाठून मालिकांसाठी ऑडिशन देत राहणे ही दुसरी. स्पर्धेतल्या बक्षिसामुळे यांपैकी कोणत्याही वाटेवर फारशी सवलत मिळत नाही.

खर्चाच्या बाबतीत प्रशिक्षणाची बाजू अनेकांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून निवड झालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. अडचण पैशांची नसून प्रवेशाची आहे, कारण साऱ्या देशातून तीसेक जणच घेतले जातात. पुण्यात आणि मुंबईत शुल्क विद्यापीठाचे असले तरी राहण्याजेवण्याचा भार स्वतःवर येतो. थेट मुंबईला जाणाऱ्याला अनामत रक्कम, तिघाचौघांत वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे आणि गोरेगाव, मढ, घोडबंदर अशा एकमेकांपासून लांब असलेल्या चित्रीकरणाच्या ठिकाणांचा प्रवासखर्च पहिल्या दिवसापासून सोसावा लागतो. त्यातच मालिकेचे मानधन काम झाल्यावर साधारण ९० दिवसांनी देण्याचा प्रघात आहे. म्हणजे जानेवारीत भूमिका मिळाली तरी पैसे एप्रिलच्या सुमारास दिसतात, आणि छोटी भूमिका तोवर कथानकातून बाहेरही गेलेली असते. घरचा आधार नसलेल्या कित्येक गुणी मुलांना माघार घ्यावी लागते ती याच महिन्यांमध्ये, आणि त्यांच्या अभिनयात काही खोट असतेच असे नाही.

शिकण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा नटाला वेगवेगळ्या दिशेने घडवतात. मालिकेच्या सेटवर बारा-बारा तास काम चालते, संवाद अनेकदा त्याच दिवशी हाती पडतात, आणि कॅमेऱ्यासमोर झटपट पाठांतर करून नेमके उभे राहण्याचा सराव इतक्या वेगाने दुसरीकडे कुठेच होत नाही. मात्र भूमिका चुकीच्या दिशेने नेऊन पाहण्याची मुभा तिथे नसते. संस्थेत तीच मुभा मिळते: आवाज, शरीर, नेपथ्य, प्रकाशयोजना, संस्कृत नाटकापासून आधुनिक नाटकापर्यंतचे वाचन, आणि फसलेल्या प्रयोगावर गुरुजनांची तासभर चर्चा. पुण्याहून दिल्लीला जाऊन १९७४ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेल्या रोहिणी हट्टंगडी यांच्या कामात या पायाभरणीचा पल्ला दिसतो. दिल्लीत शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने हिंदी असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला उच्चारांवर मेहनत घ्यावी लागते, आणि मराठी नाट्यवर्तुळातल्या ओळखी तीन वर्षांत पातळ होतात, हा तोटाही विचारात घ्यावा.

ओळखींच्या बाबतीत मुंबईची सरशी निर्विवाद आहे.

निर्णयाचा कल ठरवणारा मुद्दा मला वयाचा वाटतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला वयोमर्यादा आहे, पदवी हवी आणि नाटकांतील सहभागाचा पूर्वानुभवही हवा. मुंबईला यांपैकी कशाचीच अट नाही. बत्तिसाव्या वर्षी ऑडिशन देता येते, पण त्या वयात विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला सहसा बसता येत नाही. म्हणून तेविशीच्या आतबाहेर असलेल्या, विशेषतः सोलापूर, नांदेड, चंद्रपूरसारख्या ठिकाणाहून येणाऱ्या आणि ज्याच्या कमाईवर घर अवलंबून नाही अशा मुलाने किंवा मुलीने आधी प्रशिक्षणाचा प्रयत्न करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठीची दोन वर्षांची शिष्यवृत्तीही याच वयात मिळू शकते. दरमहा ५,००० रुपयांत मुंबईत भागणार नाही, पण स्वतःच्या गावी राहून गुरूकडे शिकणाऱ्याला तेवढाही टेकू उपयोगी पडतो.

घरची जबाबदारी असलेल्याने, किंवा प्रवेश हुकलेल्याने, मुंबईला जावे. परंतु केवळ ऑडिशनच्या भरवशावर जाऊ नये. दिवसा नोकरी किंवा डबिंगसारखे काम आणि संध्याकाळी एखाद्या प्रायोगिक संस्थेची तालीम ही जोडणी मुंबईत आजही जमते. त्यासाठी नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याआधी सहा वाजता सुटता येते का आणि अधूनमधून अर्धा दिवस रजा मिळते का, हे विचारून घ्यावे. आणि खोली शक्यतो दादर-माटुंग्याकडे लोकलने सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी घ्यावी, कारण तालीम संपायला रात्रीचे दहा वाजतात.