मानेवाड्याचं मधुमेह शिक्षण केंद्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरात आईला इन्सुलिन सुरू झालं, तेव्हापासून आम्ही नागपुरात मानेवाडा रोडवरच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर चालणाऱ्या मधुमेह शिक्षण केंद्रात जातो. तीन महिन्यांचं पॅकेज 2,200 रुपयांचं आहे. त्यात आहारतज्ज्ञांच्या भेटी, सिस्टरकडून इन्सुलिनचं शिक्षण, पायांची तपासणी आणि फोनवरचा पाठपुरावा येतो. औषधं आणि लॅबचा खर्च वेगळा. कामाला माणसं मोजकीच: एक सिस्टर, एक आहारतज्ज्ञ, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आणि एक समन्वयक ताई.

समन्वयक ताईंचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतलं, पण माझ्या मते केंद्र चालतं ते त्यांच्यामुळे. शिकवणारी माणसं चांगली आहेतच. पण आज शिकवलेलं घरी गेल्यावर टिकलं का, कोणाची साखर खाली आली, कोण दोनदा आलंच नाही, हे एका रजिस्टरमध्ये रोज बघणारं माणूस नसेल तर शिकवणं हवेत जातं. हे मला फेब्रुवारीत नीट समजलं.

आईची उपाशीपोटीची साखर कधी 110, तर कधी 260. डोस तोच, जेवण तेच. दवाखान्यात डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात, त्यात रिपोर्ट बघून डोस वाढायचा. केंद्रात सिस्टरनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी पोट दाखवायला सांगितलं. बेंबीच्या उजवीकडे बोटं फिरवली तर लिंबाएवढा मऊ फुगवटा लागला. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. आई म्हणाली, "तिथं दुखत नाही न, म्हणून तिथंच घेतो मी." एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची अशी गाठ धरते. तिथे सुई दुखत नाही हे खरं, पण तिथलं इन्सुलिन रक्तात कधी लवकर जातं, कधी उशिरा.

जागा बदला एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलं असतं तर घात झाला असता. चांगल्या कातडीत तोच डोस जास्त जोर धरतो आणि साखर एकदम उतरू शकते. सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी डोस थोडा कमी केला आणि ताईंनी आईचं नाव रोज फोन करायच्या यादीत टाकलं. पुढचा आठवडाभर सकाळी आठच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. एका सकाळी आकडा 64 आला. ताईंनी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायला सांगितलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला लावलं आणि तोवर फोन चालू ठेवला. दुसरा आकडा 98 आला. मी घाबरून "रात्रीचा डोस किती देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "डोस मी नाही सांगणार, सिस्टरला जोडून देते." समन्वयाला बसवलेल्या माणसाला आपली हद्द कुठवर आहे हे इतकं पक्कं माहीत असणं मला फार मोलाचं वाटतं.

इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी स्वतःची बाटली आणि सिरिंज घेऊन बोलावतात, हेही तसंच महत्त्वाचं. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या 40 च्या, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट इन्सुलिन असलेल्या येतात, पेनची काडतुसं 100 ची असतात आणि काही बाटल्याही 100 च्या मिळतात. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. 100 ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी झाली तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात 25 युनिट होतं. आमच्यासमोरच एका काकांच्या पिशवीतून अशी चुकीची जोडी निघाली. मेडिकल स्टोअरमध्ये हातात आली ती सिरिंज त्यांनी घेतली होती.

आता उणी बाजू. एप्रिलच्या सुरुवातीला आधीच्या आहारतज्ज्ञ दुसरीकडे रुजू झाल्या. नवीन येईपर्यंत वेगवेगळ्या जणी बदलीवर येत होत्या आणि प्रत्येकीचं सांगणं निराळं. आधीच्या आहारतज्ज्ञांनी संत्रं अख्खं खा, रस नको, असं सांगितलं होतं. ते बरोबर होतं, कारण मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि चोथ्यासकट खाल्लं तर साखर सावकाश चढते. बदलीवर आलेल्या बाईंनी मात्र फळं सरसकट बंद करायला सांगितलं. नागपुरातल्या माणसाला संत्रं बंद म्हटलं की तो बाकीचंही ऐकायचं सोडतो, आणि आईचं तेच झालं. पंधरा दिवस रोजच्या नोंदींची वही लिहिली नाही, फोन आला तर मला घ्यायला लावायची. मी लेखी तक्रार दिली. त्यानंतर प्रत्येक पेशंटची एक फाईल झाली, त्यात कोणी काय सांगितलं ते तारखेसकट लिहिलेलं असतं आणि येणारीने ते वाचूनच बोलायचं, असं ठरलं. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. इतक्या कमी माणसांवर चालणाऱ्या सेवेत एक जण गेलं की सगळं हलतं, मग लिहून ठेवण्याला पर्याय काय?

नव्या आहारतज्ज्ञ वर्धेच्या आहेत आणि त्यांचं आईशी जमलं. त्या तर्री पोहे बंद करत नाहीत. पोहे अर्धी प्लेट, वर चणे जास्त, तर्रीचं तेल काढून आणि आठवड्यातून एकदा, असं ठरवून देतात. सावजीची भाजी, वडाभात, पाटोडी हे सगळं त्यांना ताटात मोजता येतं. हिंदी बोलणाऱ्या पेशंटशी त्या तितक्याच सहज बोलतात, आणि आपल्या शहरात त्याशिवाय भागत नाही. माणसं नेमताना पदवीसोबत हेही बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात केंद्राचा खरा कस लागला. वापरात असलेली बाटली 30 अंशांच्या आत ठेवायची असते, आणि मे महिन्यात इथे दुपारी खोलीतसुद्धा त्याहून जास्त असतं. सिस्टरनी बाटली फ्रिजच्या दारात ठेवायला सांगितलं, फ्रीझरजवळ अजिबात नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना माठात माठ ठेवून, मध्ये ओली वाळू भरून करून दाखवलं. इथल्या कोरड्या हवेत ते छान गार राहतं. पायांच्या तपासणीत नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून कळतं का ते विचारतात. आईला डाव्या अंगठ्यापाशी कळलं नाही. त्या दिवसापासून तिला गच्चीवर वाळवणाला अनवाणी जायला बंदी आहे, कारण संवेदना नसलेला पाय तापलेल्या फरशीवर भाजतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

एवढं शिकवणारं केंद्र एप्रिल-मेमध्येही वर्ग मात्र अकरा वाजता ठेवत होतं. साठीच्या पुढची माणसं साडेबाराच्या उन्हात ऑटो शोधत उभी राहायची. बऱ्याच जणांनी सांगितल्यावर मेच्या मध्यात वेळ सकाळी साडेसातची झाली. रमजानच्या आधी मात्र रोजे धरणाऱ्यांसाठी वेगळी बैठक वेळेवर घेतली होती, आणि श्रावणातल्या उपासांसाठी जुलैमध्येच आईला फोन आला. साबुदाण्याऐवजी भगर आणि दही, तेही मोजून, आणि उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारूनच.

आईचं एचबीए1सी डिसेंबरात 9.8 होतं, मार्चमध्ये 8.5, जूनमध्ये 7.6. ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते, म्हणून दर महिन्याला करून पैसे घालवू नका. दोनदा साखर 70 च्या खाली गेली, दोन्ही वेळा घरातच सावरली.

फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत जावं, तपासणी आणि औषधं तिथे मिळतात. तिशीच्या पुढच्यांची प्राथमिक तपासणी आशाताईंमार्फतही होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे. एवढ्यांना डॉक्टर एकटे शिकवू शकणार नाहीत, सिस्टर आणि आहारतज्ज्ञ लागणारच.

अजून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे संध्याकाळी सातनंतरची बॅच, कारण घरात स्वयंपाक करणाऱ्या सुना आणि नोकरीवरची मुलं दिवसा येऊ शकत नाहीत. दुसरी, समन्वयक ताईंच्या हाताखाली एक माणूस. त्या जूनमध्ये आठवडाभर सुट्टीवर होत्या तेव्हा एकही फोन आला नाही. पुढच्या तीन महिन्यांचं पॅकेज आम्ही घेतलं आहे, आणि पैसे भरताना या दोन्ही गोष्टी मी तिथल्या वहीत लिहून आले.